जायला आठ, यायला दहा

आबा, मुंबईपासून टोकियो सुमारे सहा हजार सातशे किलोमीटर. तुम्हाला किलोमीटरशी कधीच देणंघेणं नव्हतं. बारामतीच्या कारखान्यानं मला लेथच्या प्रशिक्षणाला जपानला पाठवायचं ठरवलं, तेव्हा पळसदेवला आपल्या ओट्यावर बसून तुम्ही म्हणालात, "आकडं नगं सांगू. तास किती, त्ये सांग."

"आठ तास, आबा."

"म्हंजी लाइटीची एक पाळी!" तुम्ही हसलात. "मोटर चालू झाली की बसायचं, बंद झाली की उतरायचं. लेका, इंदापूरच्या बाजारला गेलास तर ह्याच्यापरीस उशीर करतोस की!"

शेतीला लाइट आठ तास येते, म्हणून तुमचं माप तेच. मीही हसलो. पण नववीत शाळा सुटलेला, लेथ नुसती बघून बघून शिकलेला माणूस मी. लेथवर कातलेला जॉब शतांश मिलिमीटरनं चुकला तरी बाजूला काढणारा. आठ तास फक्त जातानाचे, वारा पाठीशी असताना. येताना तोच वारा तोंडावर, दहा तास लागतात. पुढं मुंबईहून गाडीनं सहा. हे मला त्या दिवशीही पाठ होतं. तुम्ही हसत होतात, जाऊ नको म्हणत नव्हतात, म्हणून पुढचं बोललो नाही.

तुमचा शेवटचा दिवस मी पाहिला नाही. अक्कानं सांगितला तेवढाच माझ्याकडे आहे, आणि तो मी तिला इतक्यांदा विचारलाय की आता ती चिडते. सकाळी साडेसातला ती तुमच्या कानाशी म्हणाली, "आबा, बसला बरं का विमानात." आठला लाइट आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. ती पेज भरवायला आली तर म्हणालात, "थांब, त्यो आल्यावर." चार वाजता मोटर थांबते. तुम्ही डोळे उघडता. "आला असंल. रस्त्याला बघ." अक्का फाटकापर्यंत जाऊन येते. "येतोय, आबा."

"अगं, लाइट गेली की."

पुन्हा पाठवता, ती पुन्हा जाते. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा पावणेपाच झाले होते, आणि तुम्ही काही विचारलं नाही. त्या वेळी मी ढगांच्या वर होतो. मुंबईला अजून पाऊण तास होता, आणि मी समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर बघत बसलो होतो.

इतकी वर्षं मी येईल त्याला ते वाऱ्याचं गणित समजावतो. लोक मान डोलावतात. "तुझा काय दोष, अंतरच तेवढं," असं अक्काही म्हणते. म्हणून हे तिला दाखवणार नाही, वहीतच राहील. तिचा फोन मला तीन दिवस आधी आला होता. "असशील तसा ये," म्हणाली होती. तिकीट मिळत नाही, असं मी सांगितलं.

मिळत होतं, आबा. दोन दिवसांनी माझी परीक्षा होती. आयुष्यातलं पहिलं सर्टिफिकेट होतं ते, आणि मला ते हवं होतं.