चार बोल्ट

कळंब,
६ ऑगस्ट २०२५

चि. ऋतिका हिस,
बाबांचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तू ठीक असशील. मीही ठीक आहे. ड्युटी कुठलीही असो, जेवण वेळेवर घेत जा, कँटीनच्या वड्यावर दिवस काढू नको. इकडे लोकांची लावणी उरकली. आपला तुकडा यंदाही पडीकच ठेवला, एकट्याने चिखलात उतरायचं जिवावर येतं. पारूबाई काल भाकरी आणि कुर्डूची भाजी देऊन गेल्या. "पोरगी कवा येतेय रं?" हे विचारल्याशिवाय त्या ताट खाली ठेवत नाहीत. मी म्हणतो, सुट्टी मिळाली की येईल. दीड वर्ष मी हेच म्हणतोय, आता त्याही फक्त मान हलवतात.

वाघ्याला कानामागे जखम झाली होती, हळद-तेल लावलं, बरी आहे. तुझ्या खाटेखाली झोपतो. वर चढत नाही, तेवढी अक्कल आहे त्याला.

फोनवर तू "हं" आणि "ठेवते" यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

एक सांगतो, रागावू नको. गाडी पुन्हा उघडली आहे. पोलिसांकडून आणल्यापासून पडवीत ताडपत्रीखाली होती, उंदरांनी सीटमध्ये घर केलं होतं. कारब्युरेटर साफ केला, पेट्रोलच्या टाकीतला गंज काढला, मागच्या चाकाचे स्पोक नवे घातले. कंपनी बंद पडल्यापासून माझ्या हाताला दुसरं काम नाही, हे तुला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं पाना धरलेला हात नुसता मांडीवर ठेवून माणूस काय करणार? तू म्हणशील, आईला घेऊन गेलेली गाडी बाबा पुन्हा सजवतात. सजवत नाही गं. होती तशी करतोय. तुझ्या आजोबांच्या वेळी होती तशी.

आणि ते पिनेचं मनात ठेवू नको. मी त्या दिवशीही तुला काही बोललो नाही, पुढेही बोलणार नाही. झालं ते झालं.

येऊन जा एकदा.

तुझे,
बाबा


कळंब,
१९ ऑगस्ट २०२५

ऋतिका,

या वेळी वर आशीर्वाद लिहिला नाही. तो द्यायचा मला काही अधिकार आहे का, ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नको. एवढीच विनंती.

परवा खालापूरहून हर्षला मावशी आली होती. चहाही घेतला नाही तिने. म्हणाली, "भाऊजी, त्या पोरीचं डोकं ठिकाणावर नाय. माणसं बघायला आली तर त्यांच्यासमोर म्हणाली, माझ्या हातून माझी आई मेली, हे माहीत असू द्या." पाहुणे चहा तसाच टाकून उठले म्हणे. मावशीने हेही सांगितलं की तू ती सेफ्टी पिन अजून वापरतेस, दवाखान्याच्या ओळखपत्राच्या फितीला लावलेली असते. रोज. पेशंट विचारतात आणि तू काही सांगत नाहीस.

मावशी गेली आणि मी पडवीत गाडीजवळ बसलो. वाघ्या येऊन हात चाटत राहिला, त्याला हाकलला. मी आजवर कुत्र्यावर हात उगारला नव्हता.

आता सांगतो. फोनवर सांगायला गेलो तर माझी जीभ पुन्हा तेच जुनं बोलेल, म्हणून लिहितोय.

ही येझदी मोटरसायकल तुझ्या आजोबांची. खालापूरला त्यांच्या गोठ्यात पडून होती, हँडलवर कोंबड्या बसायच्या. ती मी टेंपोतून आणली तेव्हा तुझी आई टेंपोत तिच्या शेजारी बसून आली, पुढे ड्रायव्हरजवळ बसली नाही. म्हणाली, "माझ्या बापानं आईला हिच्यावरनं वीस वर्षं फिरवलं, माहितीय? माथेरानच्या पायथ्याला, खोपोलीला, सगळ्या लग्नांना." सात महिने लागले मला ती उभी करायला. इंजिन खोललं, सुटे भाग शोधत कल्याणपर्यंत गेलो. ज्या सकाळी ती पहिल्यांदा सुरू झाली, त्या सकाळी रूपा कणकेच्या हाताने बाहेर आली आणि धुरात उभी राहून हसत होती. कंपनी सुटल्यावर या घरात मी पहिल्यांदा माणसासारखा वावरलो, ते तेव्हा. हे तुला कळावं म्हणून सांगतोय, माझी बाजू मांडायला नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण थांबणाऱ्यातला मी नाही. रविवारी रिसॉर्टवर येणारी मुंबईची पोरं नाक्यावर चहाला थांबायची, त्यांच्या त्या मोठमोठ्या गाड्या. ती माझी गाडी बघायची, फोटो काढायची, मला "अंकल, काय मेहनत घेतलीय" म्हणायची. पन्नाशीच्या बाप्याला एवढं पुरतं गं, लाज वाटते सांगायला. मग मी तिला नटवायला घेतली. हँडल रुंद केलं, मडगार्ड कापून आखूड केलं, चेनचं कव्हर काढलं. एका पोराने मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची जाळी दाखवली आणि म्हणाला, "हे काढून टाका ना, चाक मोकळं दिसेल."

ते साडीगार्ड. तू लहानपणापासून बघितलंयस, बाईमाणूस एका बाजूला बसते म्हणून तिकडे जाळी असते, आणि तिच्या खाली पाय ठेवायची पट्टी. पट्टीही त्यातच जोडलेली. चार बोल्टवर सगळं. मी त्याच दुपारी काढलं. खरंच सुंदर दिसत होतं चाक.

तुझ्या आईने बघितलं. "अहो, ते लुगड्यासाठी असतं ना?" म्हणाली. मी म्हटलं, तू नीट बस, काही होत नाही. ती म्हणाली, "पाय कुठं ठेवू? लोंबतात हो." मी म्हटलं, मागच्या फूटरेस्टवर टेकव. मी चिडलो होतो, ऋतिका. माझ्या कामात खोट काढली म्हणून तिच्यावर चिडलो. ती पुढे बोलली नाही. आपल्या घरात ती कुठे बोलायची? अंगणवाडीत तीस पोरांसमोर तिचा आवाज पार रस्त्यावर ऐकू यायचा आणि माझ्यासमोर "बरं."

गेल्या वर्षी जानेवारीत तू सुट्टीवर आली होतीस. तिची कर्जतला दहा वाजता मीटिंग होती. गणवेशाची साडी होती, म्हणजे ड्रेस घालायचा प्रश्नच नव्हता. दारातून निघताना तुला म्हणाली, "पिन दे गं एखादी." तू म्हणालीस, "एकच होती, बॅगेच्या पट्ट्याला लावलीय. नुसता खोच की." तिने पदर पुढे घेऊन कमरेला खोचला. मी बाहेर किक मारत होतो, पण हे सगळं मला ऐकू आलं होतं. तू मला नंतर हजारदा सांगितलंस, पण सांगायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं.

कशेळं सोडल्यावर चढाला खड्डा चुकवला. मागून तिचा आवाज आला. किंकाळी वगैरे नाही, "अहो" एवढंच. आणि गाडी मागून ओढल्यासारखी थांबली, ती रस्त्यावर डोक्यावर पडली.

आता नीट वाच. भागूबाई नावाची एक म्हातारी लाकडाचा भारा घेऊन येत होती, तिने भारा टाकला आणि कमरेचा कोयता माझ्या हातात दिला. चाकातली साडी मी कापली. माझ्या हाताने. चाकात गेला होता तो निऱ्यांचा काठ होता. पायाजवळचा. पाय ठेवायला पट्टी नव्हती म्हणून पाय सरकला, जाळी नव्हती म्हणून काठ थेट चाकात गेला. भागूबाई मला म्हणालीसुद्धा, "पायाकडचं लुगडं वडलं रं दादा चाकानी."

पदर तिच्या कमरेला खोचलेला होता. तसाच. जसा तुझ्यासमोर खोचला होता तसा. वाटेत थांबवलेल्या जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन कर्जतला पोचेपर्यंत मी तो बघत होतो. पिन असती तरी ती गेली असती. पिन नव्हती म्हणून काही झालं नाही. त्या पिनेचा यात काही म्हणजे काही संबंध नव्हता.

दवाखान्यात पोलीस आला. त्याने विचारलं, पदर अडकला का? मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली. त्याने तेच लिहून घेतलं. मग गाव म्हणू लागलं, बायकांना पदर सावरता येत नाही. अंगणवाडीच्या बायका रडत म्हणाल्या, रूपाताई घाईत असायच्या. मी सगळ्यांना बोलू दिलं. सगळं मेलेल्या बाईवर ढकललं आणि गप्प बसलो. गाडी ताब्यात मिळाल्यावर कुणी तिच्या चाकाकडे बघू नये म्हणून ताडपत्री घातली, उंदीर-पाऊस वगैरे नंतरचं.

आणि तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, वंदना झाली होती, सगळे जेवायला बसणार, तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "पिन मी घेतली होती. आईनं मागितली आणि मी दिली नाही." मी उठलो. तेव्हा तोंड उघडायचं होतं. दोनशे माणसं समोर होती, एक वाक्य पुरलं असतं. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "झालं ते झालं बाळा. मी तुला माफ केलं."

लोक रडले. काय मोठ्या मनाचा बाप म्हणाले. पारूबाईंनी माझे हात धरले होते.

मी तुला माफ केलं, ऋतिका. माझ्या गुन्ह्याबद्दल मी तुला माफ केलं. तू माझ्या छातीवर डोकं ठेवून थँक्यू बाबा म्हणालीस. ते थँक्यू मी दीड वर्ष ऐकतोय. वीस वर्षांची पोर होतीस गं तू. मला वाटलं, पोरगी आहे, विसरेल. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय, मारूनही काय होणार आहे?

मागच्या पत्रात लिहिलं, पिनेचं मनात ठेवू नको, मी बोलणार नाही. वाचून तुला काय वाटलं असेल! पुन्हा एकदा माफच केलं की मी तुला. ते पत्र जाळून टाक.

काल माळ्यावरून ते साडीगार्ड काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं, चारही बोल्ट वॉशरसकट डब्यात. मी कधी काही फेकत नाही, तुझी आई यावरून किती भांडायची. गंज पॉलिश पेपरने काढला, पट्टीला नवं रबर घातलं आणि नव्या बोल्टांवर जाळी बसवली. घड्याळ बघून बसवली. दहा मिनिटं लागली. त्या सकाळी आवरून ती दारात पिन मागायला येईपर्यंत बसून झाली असती.

हँडल, मडगार्ड, चेनचं कव्हर आधीच पूर्वीसारखं केलं होतं, गाडी आता आजोबांच्या वेळी होती तशी आहे. सुरू होते. तिच्यावर बसणार कोण, हे मला माहीत नाही. मी तर बसणार नाही. मागे बसायला कुणी उरलं नाही.

गुरुवारी कर्जतला पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलून देणार आहे. काय करायचं ते करू देत. शुक्रवारी मावशीकडे, मग अंगणवाडीत. भागूबाई अजून आहे, त्या चढाच्या वरच्या वाडीत राहते. माझ्यावर विश्वास बसणार नाही, बसूही नये, तिला विचार. पण पहिलं तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र आजच रजिस्टर करतोय.

येऊन जा असं या वेळी म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. मला माफ कर असं तर मी कुठल्या तोंडाने म्हणू? तो शब्द मी एकदा वापरून बसलोय.

पाकिटात कागदात गुंडाळलेले चार जुने बोल्ट आहेत. ते मी काढले होते, हे लक्षात राहावं म्हणून तुझ्याकडे असू देत. आणि फितीवरची ती पिन आज काढ. तू घरी आलीस तर कपाटात तुझ्या आईचा पिनांचा डबा आहे, त्यात ठेव. ती साधी पिन आहे गं. तिने काही केलं नव्हतं. तूही नाही.

तुझ्या आईला "काही होत नाही" म्हणणारा,
कमळाकर