माझ्या उंचीची गाडी

राहू, ता. दौंड
बुधवार, दुपार

प्रिय सुदर्शन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. कोर्टाचं काही राहिलेलं नाही आणि इकडं सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. फोन केला असता तर ‘बाकी काय’, ‘बरंय’ एवढ्यावर आपण दोघांनीही आटोपतं घेतलं असतं, म्हणून लिहायला बसले. आणि ‘तू’ म्हणूनच लिहिते आहे. घरात, तुझ्या आईसमोर, शिरूरच्या बाजारात मी तुला कायम ‘अहो’ म्हटलं. डोक्यावर हेल्मेट चढलं की तू ‘तू’ व्हायचास. आज जे सांगायचं आहे ते बरंचसं गाडीचंच आहे, तेव्हा हेच बरं.

इकडची खबर अशी की रोपवाटिका आता पूर्ण माझ्याकडं आहे. आबांचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. ते शेडनेटच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला माझ्या आधी भाव सांगून मोकळे होतात. झेंडूच्या रोपांना या वर्षी मागणी चांगली आहे. शेवंतीचा एक वाफा मुळकुजीनं गेला, पण बाकीचा वाचला. आई तशीच आहे. सकाळी पाण्याची पाळी, दुपारी टीव्हीवरची मालिका आणि दोन्हीच्या मध्ये माझ्यावर लक्ष. तुझं नाव घरात निघतं. आई काढते आणि आबा विषय बदलत नाहीत. पहिले काही महिने बदलायचे.

मोटारसायकल घेतलीस तो दिवस तुला आठवत असेलच. तू दारात फूटभर वाकून आत येणारा माणूस आणि मी पाच फुटांना बोटभर कमी. सीटवर बसले की माझे पाय दोन्हीकडं लोंबायचे, फार तर एका अंगठ्याचं टोक जमिनीला लागायचं. तरी न्हावऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला की तू गाडी बाजूला घ्यायचास आणि मला पुढं बसवायचास. चालू गाडीला उंचीशी काय देणंघेणं! अडचण थांबायची होती. रेल्वेचं फाटक लागलं, मेंढरांचा कळप आडवा आला की तू मागून सरकून मला चिकटायचास आणि तुझे लांब पाय माझ्या दोन्ही बाजूंनी खाली उतरायचे. हंपीच्या वाटेवर एका चहावाल्यानं विचारलं होतं, यात गाडी नक्की कोण चालवतंय? तू म्हणालास, “चालवते ती, थांबवतो मी.” तो किती हसला होता! तशी मी कच्छला गेले, कोकणात उतरले, तुंगभद्रा ओलांडली. लोकांना सांगायचे, मी एवढी मोठी गाडी चालवते. पण तू मागे नसताना ती गाडी मी अंगणातूनसुद्धा बाहेर काढली नव्हती.

मग दवाखाने सुरू झाले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तू तिथंच होतास. तिसऱ्या वेळी काही आठवडे आपण बाळासाठी नावंसुद्धा काढली आणि मग ते सगळं थांबलं. त्यानंतर आपण भांडलो असतो तर कदाचित निभावून गेलो असतो. पण तू मला जपत राहिलास आणि मी तुला. जपता जपता जेवणाच्या ताटावर बोलायचं ते मिठावर आणि पाण्याच्या टँकरवर येऊन थांबलं. वेगळं होऊ, हे मी म्हणाले. तू म्हणालास, “तुला त्यानं मोकळं वाटणार असेल तर हो.” तेव्हाही तू माझाच विचार केलास. त्याचं मला खूप रडू आलं होतं. तुला दिसू दिलं नाही एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगते. तुझ्या बाजूनं तो दिवस कसा गेला ते मला माहीत नाही, पण माझ्या बाजूनं कसा गेला ते तुलाही माहीत नाही. कोर्टाच्या दोन तारखांच्या मधला तो काळ. मी माहेरी येऊन राहिले होते. कांदालागण चालू होती. सकाळी गाडीचा आवाज आला आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. तू गाडी गोठ्यापुढं लावलीस, पाठीवरची पिशवी उतरवलीस आणि आबांना वाकून नमस्कार केलास. आबांनी आशीर्वाद दिला नाही की पाय मागे घेतले नाहीत. तू म्हणालास, “गोठ्यातली चेन-पुली वापरू का दिवसभर?” आबा म्हणाले, “वापरा,” आणि खुर्ची उचलून लांब लिंबाखाली जाऊन बसले. मला वाटलं, तू गाडीचं काही काम करून घेऊन जाणार. गाडी तुझीच राहणार, हे मी धरूनच चालले होते.

तू गोठ्याच्या लोखंडी तुळईला साखळी अडकवलीस आणि गाडीचं पुढचं चाक जमिनीपासून अधांतरी केलंस. मग हँडलपाशी पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या धरून ठेवणारे बोल्ट सैल करायला लागलास. आबा किती वेळ लांब बसणार? त्यांनी सगळं आयुष्य इंजिनं आणि पंप खोलण्यात घालवलंय. हळूहळू खुर्ची सावलीबरोबर पुढं सरकत गेली. शेवटी ते तुझ्या शेजारीच येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ह्ये काय करतायसा?” तू मान वर न करता सांगितलंस, “पुढून खाली घेतोय, आबा. नळ्या पकडीतून वर सरकवल्या की गाडीचं तोंड तेवढंच खाली बसतं.”

“आन् कशापाई?”

“ज्ञानूचे पाय टेकत नाहीत.”

खिडकीत माझ्या हातात पिठाची परात होती. ती तशीच खाली ठेवली आणि मीही खाली बसले. आई विचारत होती, काय झालं गं? आपण वेगळं होणार हे मला कागदावर माहीत होतं. वकिलानं वाचून दाखवलं होतं आणि मी सही केली होती. पण तू मागे बसणार नाहीस, आता मला एकटीलाच थांबावं लागणार आहे, हे तू माझ्याआधी मनाशी मान्य केलं होतंस आणि पाने-पकडी घेऊन आला होतास.

नंतर आबा आणि तू जे बोललात ते मी सगळं ऐकलं. आबा म्हणाले, “ही एवढी खाली घेतल्याव गतिरोधकाला घासंल की.” तू म्हणालास, “घासेल. जरा दमानं घ्यायला सांगा तिला.” मग तू त्यांना समजावलंस की नुसती पुढून खाली घेतली तर वळणावर गाडी उतावळी होते, म्हणून मागूनही तेवढीच उतरवायची, मागच्या शॉकअपची जोडपट्टी तू बदलून आणली आहेस. दोन्ही नळ्या सारख्याच वर आल्यात का हे तू फूटपट्टीनं मोजत होतास आणि तुझं मोजून झालं की आबा आपल्या पट्टीनं पुन्हा मोजत होते. शेवटी तू गाडी साखळीवरून सोडवलीस आणि आबांना सीटवर बसून हँडलवर सगळा भार द्यायला सांगितलंस. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये जागा किती राहते ते तुला बघायचं होतं. पासष्ट वर्षांचे माझे आबा त्या गाडीवर बसून लहान पोरासारखे वरखाली दाबत होते आणि तू मातीत आडवा पडून बघत होतास. दोघांपैकी कुणीच हसत नव्हतं. मीच खिडकीत रडता रडता हसले.

गाडी बुटकी झाली तसा तिचा स्टँड लांब पडायला लागला. नीट कलंडून उभीच राहीना. आबा म्हणाले, “चला, चौफुल्याला वेल्डिंगवाला हाय आपल्या वळखीचा.” दोघं जीपनं गेलात आणि स्टँड कापून, जोडून आणलात. परत आल्यावर आबा पायरीवरून आईला हाक देत ओरडले, “अगं भागुबाई, ताटं घे. जावईबापू सकाळपासून उपाशी हायती.” बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आईच्या लक्षात आलं. तू हात धुवायला मोरीकडं वळलास, ते लगेच परत आला नाहीस.

जेवण झाल्यावर तू मला म्हणालास, बसून बघ. मी बसले. दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर आले. मी गाडी डावीकडं कलवली, उजवीकडं कलवली, एका पायावर तोलली. तू दोन पावलं लांब उभा होतास आणि तुझे हात अर्धवट पुढं आलेले होते, सवयीनं. मग तू ते मागे बांधलेस. किल्ली माझ्याकडंच राहू दिलीस आणि पिशवी उचलून फाट्यावर जीप धरायला चालत गेलास. मी तेव्हा ‘थँक्यू’सुद्धा म्हणाले नाही. म्हणता आलं असतं असा तो क्षण नव्हताच.

पुढचा उन्हाळाभर मी गाडीला हात लावला नाही. आबा दर आठवड्याला तिची धूळ पुसायचे आणि चालू करून ठेवायचे. आईलाच शेवटी राहवलं नाही. एक दिवस ती साडीचा पदर खोचून गाडीशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “मला समुद्र दाव. तू पाहिलास, तुझ्या बापानं बी पाहिला, मीच तेवढी ऱ्हायले.” मी म्हटलं, एस्टीनं जाऊ. ती म्हणाली, “मग एस्टीवाल्यालाच सांगते की, तुला कशाला सांगू?” आधी मी एकटी पारगावच्या पुलापर्यंत गेले, मग न्हावऱ्याला, मग तळेगावच्या बाजाराला. बाजारात थांबले तेव्हा बायका माझ्या पायांकडं बघत होत्या. मीही बघत होते.

दिवाळीनंतर आईला मागे बसवून निघाले. ताम्हिणीच्या उतारावर एका वळणात ट्रक बंद पडला होता. पुढची एस्टी कचकन थांबली, मागे गाड्यांची रांग, रस्त्यावर झऱ्याचं पाणी आणि बारीक खडी. असल्या जागी आपण थांबायचो तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे, तुला कधी सांगितलं नाही. या वेळी ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली टाकले आणि मागे माझी आई, दोन पिशव्या आणि तिनं बांधून घेतलेल्या धपाट्यांच्या डब्यासकट गाडी उतारावर धरून ठेवली. आई कानाशी येऊन म्हणाली, “टेकलं का गं दोन्ही?” मी म्हटलं, टेकलं. ती म्हणाली, “मग चांगलं केलं त्या पोरानं.”

दिवेआगरला आई गुडघाभर पाण्यात शिरली आणि बाहेर यायलाच तयार होईना. साडी जड झाली, लाट आली की ती खाली बसायची आणि मोठ्यानं हसायची. मी वाळूत बसून बघत होते. आईला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, सुदर्शन. मला तुला फोन करावासा वाटला होता. तेव्हाच करायला हवा होता.

आता मूळ कारण. गेल्या आठवड्यात समृद्धी झेंडूची रोपं न्यायला आली होती. नणंद म्हणून नाही, नेहमीसारखी हक्कानं आली, दोन कप चहा प्यायली आणि मग जे सांगायला आली होती ते सांगितलं. शिरूरच्या शाळेतल्या त्या बाई, त्यांची दुसरीत शिकणारी मुलगी, घरच्यांची पसंती, तुझीही पसंती. आणि होकाराचा विषय निघाला की दर वेळी तू एकच सांगतोस, “आधी ज्ञानूचं मार्गी लागू दे.” तुझ्या आईनं तर विचारणंच सोडलंय म्हणे. म्हणून हे एवढं सगळं लिहिलं. माझं मार्गी लागलंय. मी सकाळी उठते तेव्हा दिवसभरात काय काय करायचं ते मला ठाऊक असतं आणि त्यातलं बरंचसं करायला मला आवडतं. चैत्रात आबांना घेऊन गोकर्णला जायचं ठरलंय, तिथून पुढं एकटीनं केरळपर्यंत. नऊ वर्षांत तू मला जे दिलंस त्यातलं काहीही मी इथं येताना मागे टाकलं नाही आणि त्यातलं काहीही मला टोचत नाही. समृद्धी सांगत होती, शाळा सुटली की ती मुलगी फाटकात तुझी वाट बघत उभी असते आणि तू दिसलास की दप्तर तुझ्या हातात कोंबून पुढं पळत सुटते, एकदाही मागे वळून बघत नाही. तिला माझ्यासाठी ताटकळत ठेवू नकोस. या रविवारी त्यांच्या घरी जा आणि होकार देऊन ये.

तुझी मैत्रीण,
ज्ञानेश्वरी