एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

काल गोंदियाला त्या मशीनमधून मी पळून आले. हे कुणाजवळ बोलू? म्हणून तुलाच लिहिते.

तुझं डोकं ज्या बाजूने दुखायचं, त्याच बाजूने आता माझं दुखतं. डॉक्टर म्हणाले, "एमआरआय काढून घ्या, घाबरण्यासारखं काही नाही." तुलाही हेच म्हणाले होते ना गं?

माझ्या स्नेहलने कुडव्याहून स्कुटीवर बसवून नेलं. तिथल्या माणसाने हातात रबरी चेंडू दिला. "आंटी, हिलना मत. घबराहट हुई तो ये दबा देना." आणि मला आत सरकवलं. काय ती ठोकाठोकी! नाकाला लागेल असं छत. मी डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात तुझा आकडा धरला.

चोरखमाऱ्याचा तलाव आठवतो? पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून चालताना मी पाण्याला भ्यायचे. तू खाली बसून मातीत गोल आखलास, त्यावर सहा आकडे मांडलेस. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. "कायले भेवून राहिली? याले दोनने गुण." गुणलं, तर तेच आकडे, फक्त दोनापासून सुरू! तीनने गुणलं, तर चारापासून. सहाने गुणेपर्यंत तेच सहाजण गोल फिरत राहिले, एकही हरवला नाही. केवढी खूश झाले होते मी!

मग तू सातने गुणायला लावलंस. नऊ, नऊ, नऊ, सगळे नऊच. मी रडायलाच लागले. "मेले का सगळे?" तू हसलीस. "मेले नाही येडे, सारखे झाले." ते सारखं होणं मला आजही आवडत नाही.

तूही मशीनमध्ये मनात हाच आकडा गुणत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "सातपर्यंत गेली, मंग थांबली." पुढे का नाही गेलीस, ताई? तू गेल्यापासून सात म्हटलं की मीही तिथेच अडते.

काल सातावर आले आणि चेंडू दाबला.

स्नेहल चिडली. "अर्धं तर झालंच होतं, आई! काऊन दाबलं?" पण निघताना ती स्कुटीला किल्ली लावायचीच विसरली. तिलाही तूच आठवली असणार.

आज दुपारी जेवण जाईना. कॅलेंडरच्या पाठीवर आकडा आठने गुणून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा! अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न. शेवटच्या सातातला एक कमी झालाय, आणि एक सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा आहे. तो पुढचा एक मागच्यांत मिळवला, तर आपला आकडा जसाच्या तसा! तुला ठाऊक होतं का गं हे? मग मला सांगितलं का नाहीस?

भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? रिपोर्टात काय निघेल ते आकड्याला थोडंच कळतं!

पण सोमवारी मी पुन्हा आत जाणार आहे, हा माझा शब्द. चेंडू हातात असेल, पण दाबणार नाही. सात म्हणेन. घाबरत घाबरत का होईना, म्हणेन. आणि तू जिथे थांबलीस, तिथून पुढे आठ म्हणेन.

तुझी,
बेबी