सतरा नंबर: सतत गैरहजर

४ जुलै
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसं लिहितात असं ऐकलंय. कुणाला दाखवायची नाही.
काल साडूंकडे जेवायला. ते शेजारच्या गावच्या शाळेत हेडमास्तर, मी इथल्या. गेल्या वर्षी त्यांना ‘सर्वांची शाळा’ प्रमाणपत्र मिळालं. काचेत बसवून दारातच लावलंय. जेवता जेवता दोनदा उठून पुसलं. खरकट्या हाताने!
यंदा ते प्रमाणपत्र आपल्याकडे आणायचं. समिती नोव्हेंबरात येणार. सक्तीच्या अटी दोनच. शाळेची पाच मूल्यं ठरलेली हवीत आणि भेटीच्या आठवड्यात हजेरी अठ्ठ्याण्णव टक्के हवी. पोरं त्रेचाळीस, शिकवणारे दोन, मी आणि बाई. म्हणजे डाव्या हातचा मळ.

६ जुलै
पहिलं मूल्य ठरलं: समता. ते आपल्याकडे आधीपासून आहे. मी हजेरी नावाने घेतच नाही, नंबराने घेतो. नावावरून कोण कुठला ते कळतं आणि भेदभाव सुरू होतो. मी पाच वर्षांत एकाही पोराचं नाव लक्षात ठेवलेलं नाही. एवढी समता साडूंच्या शाळेत औषधालासुद्धा सापडणार नाही.
दुपारी बाई दोन कागद घेऊन आल्या. एक शाळा सोडल्याचा दाखला, एक नवीन प्रवेश. काहीतरी सांगत होत्या. मसुद्यात गुंतलो होतो, सह्या करून टाकल्या.

८ जुलै
हजेरीच्या वेळी सतरा नंबर पुकारला. एक बुटकी, नवीनच मुलगी ‘हजर’ म्हणाली. सतरा नंबर उंच आहे, दोन वेण्या घालते, एवढं मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्याची हजेरी लावणं म्हणजे फसवणूक. चांगली समज दिली. पुन्हा सतराला तोंड उघडलं तर वर्गाबाहेर उभं करीन असं सांगितलं. बाई मधे काही बोलू पाहत होत्या. त्यांना हातानेच थांबवलं.
सतरापुढे लाल फुली.
दुसरं मूल्य आपोआप सुचलं: प्रामाणिकपणा.

२२ जुलै
सतरा नंबर दोन आठवडे गैरहजर. पालकांना काही आहे की नाही?
याउलट ती बुटकी. सगळ्यांच्या आधी शाळेत येते, कपाटातून हजेरीबुक काढते, माझ्या टेबलावर आणून ठेवते, लाल पेनासकट. कुणी सांगितलेलं नाही. अशा मुलांवरच शाळेची हजेरी तगून आहे. तिचा नंबर शेवटचा असणार.

५ ऑगस्ट
तिसरं मूल्य: ऐकून घेणे. बाईंना त्यावर अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांना सतरा नंबरबद्दल काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, आधी माझं पूर्ण होऊ द्या. पूर्ण होईपर्यंत शाळा सुटली.

२० ऑगस्ट
शिस्तीची एक बारीक अडचण. मी ‘सतरा’ म्हटलं की सगळी पोरं एकदम डावीकडे बघतात. डावीकडे काय आहे? ती बुटकी उभी असते, बाकी काही नाही. ‘समोर बघा’ असं रोज ओरडावं लागतं.

४ सप्टेंबर
बाई म्हणतात बाकांवर डोकी त्रेचाळीस. हजेरीत बेचाळीस. बाईंना गणित द्यायला नको.

१९ सप्टेंबर
आज हजेरीबुक कुणी आणून दिलं नाही. स्वतः उठून कपाट उघडावं लागलं. किल्ली सापडेना. मग शिपाईमामा म्हणाले की किल्ली लागत नाही, कपाट उघडंच असतं. पाच वर्षं उघडंच आहे म्हणे. सकाळचा मूड गेला.

३ ऑक्टोबर
पेंटर आला. व्हरांड्याच्या भिंतीवर पाच मूल्यं, हातभर अक्षरांत. चौथं सहभाग, पाचवं आपुलकी. पेंटरने विचारलं, पाच मूल्यं कुणी ठरवली? म्हटलं, सगळ्यांनी मिळून. मी ठरवली आणि कुणीच हरकत घेतली नाही.

४ ऑक्टोबर
भिंत पुरली नाही. सहभागपर्यंत ऐसपैस अक्षरं काढून बसला आणि आपुलकी गेली दाराच्या मागे. दार उघडं असलं की आपुलकी दिसत नाही. पुसून परत लिहायला सांगितलं तर पेंटर म्हणाला, आधी सांगायचं होतं. समिती येईल त्या दिवशी दार बंद ठेवायचं ठरवलं. पोरं खिडकीतून आत जातील. तेवढाच व्यायाम.

१५ ऑक्टोबर
हिशोब केला. बेचाळीस भागिले त्रेचाळीस, सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर, पण अठ्ठ्याण्णवच्या खाली. बाकी पोरं सर्दी-पडशातसुद्धा येतात. म्हणजे माझ्या आणि प्रमाणपत्राच्या मधे फक्त सतरा नंबर उभी आहे. किंवा उभी नाही, तीच तर अडचण आहे.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, त्या पोरीचं नाव काय? समतेचं तत्त्व पुन्हा समजावलं. ती म्हणाली, दुसऱ्यांना नावं ठेवायला बरी येतात तुम्हाला. तिला शाळेतलं कळत नाही.

१७ ऑक्टोबर
गृहभेट! निकषांत याला वेगळे गुण आहेत.
हजेरीबुकातला पत्ता घेऊन मुद्दाम शाळेच्या वेळेतच गेलो, म्हणजे पोरगी घरात रंगेहाथ सापडेल. गावाबाहेर, रस्त्याचं काम चाललंय तिथली पत्र्याची घरं. आई दारातच भेटली. मी शाळेतून आलोय म्हटल्यावर तिने खुर्ची पुसली आणि शेजारणीकडून कपबशी मागून चहा केला. तिला वाटलं मी कौतुक करायला आलोय.
मी स्पष्ट सांगितलं, तुमची मुलगी तीन महिने शाळेत पाय ठेवत नाही. ती म्हणाली, रोज जाते, सगळ्यांच्या आधी जाते. म्हटलं, मग दाखवा कुठे आहे. घरात नव्हती! म्हणजे घरीही नाही आणि शाळेतही नाही. आई पांढरीफटक पडली. मला जरा वाईट वाटलं. पण सत्य कडू असतं. चहा गोड होता.

१८ ऑक्टोबर
बुटकीचे डोळे आज सुजलेले. हजेरीबुक मात्र वेळेवर आणलं. काय झालं ते विचारलं नाही. कुणाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसू नये.
एक बाई सकाळपासून शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभी होती, आमच्या वर्गाकडे टक लावून. कामावर गेली नसावी. चेहरा ओळखीचा वाटला. मला तसे सगळेच ओळखीचे वाटतात, हीच ती आपुलकी. समाजाचा सहभाग म्हणून अहवालात नोंद केली.

७ नोव्हेंबर
युक्ती सापडली. नियमच आहे. नव्वद दिवस सलग गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करता येतं. सतरा नंबरच्या फुल्या त्र्याण्णव. नाव काढलं की बेचाळीसपैकी बेचाळीस, शंभर टक्के! साडूंना गेल्या वर्षी नव्व्याण्णव होते.
समिती परवा येणार.

८ नोव्हेंबर
चौऱ्याण्णवावी फुली. नाव कमी करण्याचा अर्ज तयार. नावाची जागा बाईंनी भरायची, वर्गशिक्षिकेची सही लागते. बाई सही करत नाहीत! म्हणतात, आधी सतरापुढचं नाव मोठ्याने वाचा. मी म्हटलं, ते माझ्या तत्त्वात बसत नाही. त्या म्हणाल्या, मग माझी सही माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या समितीसमोरच काय ते होऊ दे म्हणाल्या.
हाताखालची माणसं अशी असली की प्रगती खुंटते.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. दाराला कुलूप, आपुलकी ठळक दिसते आहे. आजचा दिवस आपला.

९ नोव्हेंबर, दुपारी ३
काय घडलं ते क्रमाने लिहितो.
समितीच्या अध्यक्षीणबाई आल्या, बरोबर दोन सदस्य. अध्यक्षीणबाईंचा गुडघा दुखतो. खिडकीतून आत जाणं त्यांना जमेना. दार उघडावं लागलं. आपुलकी गेली.
तरीही मी डगमगलो नाही. समता दाखवायची म्हणून सगळ्यांसमोर हजेरी घेतली. बुटकीने बुक आणून दिलं आणि तिथेच माझ्या शेजारी उभी राहिली. सोळापर्यंत खणखणीत. सतरा म्हटलं, शांतता. इथे मी भाषण सुरू केलं. ही मुलगी चार महिने आली नाही, आम्ही घरापर्यंत गेलो, हरलो, जड अंतःकरणाने आज तिचं नाव कमी करत आहोत.
तेवढ्यात बेचाळीस पोरं एका सुरात ‘हजर’ म्हणाली.
मी म्हटलं, काय हा चावटपणा. परत सतरा पुकारलं. परत सगळी, आधीपेक्षा मोठ्याने. पहिलीतली पोरं तर टाचा उंचावून.
अध्यक्षीणबाईंनी विचारलं, सतरा नंबर कोण? बेचाळीस बोटं माझ्याकडे आली. मी दचकलो. मग कळलं की माझ्याकडे नाहीत, माझ्या शेजारी.
बुटकी खाली मान घालून उभी होती. अध्यक्षीणबाईंनी तिला विचारलं, तू बोलत का नाहीस? ती हळूच म्हणाली की सरांनी सांगितलंय, सतराला तोंड उघडलं तर वर्गाबाहेर.
मग अध्यक्षीणबाईंनी मला विचारलं, हिचं नाव काय?
मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर तिचं नाव नव्हतं.
बुक हातातच होतं. बाईंच्या अक्षरात सतरापुढे लिहिलेलंही होतं. पण चष्मा टेबलावर राहिला होता आणि टेबल फार लांब वाटलं.

१० नोव्हेंबर
तांत्रिक अडचण होती. दोन वेण्यांची सतरा जुलैतच दाखला घेऊन गेली, तिचा नंबर बुटकीला दिला गेला, आणि मला कुणी नीट सांगितलं नाही. कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. दोष पद्धतीचा आहे.
पद्धत माझीच आहे, हे बायकोने न विचारता सांगितलं.

१६ नोव्हेंबर
निकाल आला. प्रमाणपत्र मिळालं! पत्र नीट वाचलं. प्रमाणपत्र मुलांना आहे, ‘ज्यांनी एकीला वगळू दिलं नाही’ म्हणून. मुख्याध्यापकांना पाच दिवसांचं प्रशिक्षण. ठिकाण, साडूंची शाळा. मार्गदर्शक, साडू.
त्यांचा फोन येऊन गेला. डबा आणू नका म्हणाले, जेवण आमच्याकडेच.

२४ नोव्हेंबर
प्रशिक्षण झालं. पाची दिवस त्या काचेसमोर बसवलं होतं.
आज हजेरी नावाने घेतली. एकेक नाव आणि एकेक चेहरा असं करत गेलो, पाऊण तास लागला. चार नावं चुकीच्या पोरांकडे बघून घेतली, पोरांनीच मान धरून वळवावी तसं वळवलं. सतराव्या नावाला ती ‘हजर’ म्हणाली. आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं.
फाटकाशी तिची आई होती. या खेपेला ओळखलं. मीच जाऊन सांगितलं की तुमची मुलगी रोज येत होती, खोटं मी बोललो. लाज वाटली, खरंच लाज वाटली. ती म्हणाली, चहा प्यायला या.
शाळा सुटल्यावर जुनी पानं काढली. चौऱ्याण्णव फुल्या. खोडरबर मागितलं. सतरा नंबरने (नाव आता येतं मला, पण सवय) सांगितलं की लाल शाई खोडरबराने जात नाही, सर. मग प्रत्येक फुलीशेजारी ‘हजर’ लिहून सही करत बसलो. ती शेजारी उभी राहून पानं उलटत होती.
सप्टेंबरच्या पानावर तिने माझा हात धरला. एकोणीस तारखेला ताप होता म्हणाली, त्या दिवशी ती खरंच आली नव्हती. ती फुली राहू द्या.
ती राहू दिली. सबंध बुकात माझी तेवढीच एक बरोबर निघाली.