हाड काही लाकूड नव्हे

११ जानेवारी

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दोन ओळी आणि तुझ्या नव्या रंध्याचं वर्णन दीड पान, हे प्रमाण मी नोंदवून ठेवलं आहे.

माझी बातमी फारशी बरी नाही. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, ते काम थांबलं. कारण माझी वरची कवळी. हल्ली ती बोलताना सुटते आणि ‘टक्’ वाजते. रेकॉर्डिंगवाला बिचारा एकेक टक् कापत बसायचा. परवा एका पानात त्याने चाळीस मोजले आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाला की बाईंनी थोडी विश्रांती घ्यावी. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घालवली, तेव्हा विश्रांती घ्या म्हणजे काय ते मला कळतं. कादंबरी पान एकशे त्रेचाळीसवर अडली आहे, नायिका जिन्यात उभी आहे आणि ऐकणारे खाली ताटकळले आहेत.

म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. टाय लावलेला, मला आजी म्हणणारा. मला नातवंडं किती आहेत ते सांग, असं मी विचारल्यावर ‘मॅडम’वर आला. त्याने जबड्याचा स्कॅन काढला आणि म्हणाला, इम्प्लांट म्हणजे हाडात पक्का बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दात. पण तुमच्या वरच्या जबड्यात हाडच नाही. चोरीचा आळ आल्यासारखं वाटलं मला. पुढे अकरा मिलिमीटर आहे, मागे जेमतेम दोन, आणि त्याच्या वर नुसती पोकळी. मग हातात एक माहितीपत्रक दिलं. त्यावर पांढऱ्या केसांचं जोडपं सफरचंद खातंय. मला सफरचंद नकोय, मला ‘स’ नीट म्हणायचा आहे.

तू जन्मभर स्क्रू पिळलेस. दोन मिलिमीटरच्या फळीत स्क्रू कसा धरेल, ते सांग.

आशीर्वाद आहेतच, न मागताही मिळतात म्हणून त्यांची किंमत कमी समजू नकोस.
तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने दोन दिवस कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाला दार उलटं लावलं.

ताई, दोन मिलिमीटरमध्ये स्क्रू धरत नाही. पातळ फळी असली की आम्ही तीनपैकी एक करतो. मागून जाड पट्टी चिकटवतो. नाहीतर स्क्रू तिरका घालतो, म्हणजे लाकूड जास्त मिळतं. नाहीतर इतका लांब स्क्रू घेतो की फळी सोडून तो थेट चौकटीत जातो. तुझ्या तोंडात चौकट कुठे आहे ते मला माहीत नाही. ती पोकळी कसली? आत काही असतं का? आणि मुळात हाड गेलं कुठे? लाकूड असतं तर म्हणालो असतो वाळवी लागली.

ही म्हणते, वन्संना म्हणावं बोलायचं थांबवू नका, आम्हाला सवय आहे. हे मी लिहिणार नव्हतो, पण ती खांद्यावरून बघते आहे.

तुझ्या बोलण्याइतकाच तुझा लोभ धारदार राहो.
तुझा ठोकळ्या

६ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या बायकोला त्यातला मोठा वाटा, ती खरं बोलते.

तू सुतार न होता सर्जन व्हायला हवा होतास. तू सांगितलेले तिन्ही उपाय डॉक्टरी पुस्तकात आहेत. ग्रंथालयातली आठ पुस्तकं चाळली आणि डॉक्टर बदलला. ही नवीन डॉक्टरीणबाई पाया न पडता खुर्ची पुढे करते आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आधीच्याने इतकंही केलं नव्हतं.

पोकळीला सायनस म्हणतात, गालाच्या आत हवेने भरलेली खोली. दात होते तोवर तिची जमीन वर होती. दात गेले की पोकळी खाली उतरते आणि खालचं हाड झिजत वर जातं. हाडाला चावण्याचं ओझं हवं असतं. काम नाही म्हटलं की ते राहतच नाही. आमच्या ऑफिसात नेमकं उलट होतं. मी एकोणीस वर्षं कवळी घातली, तीही झोपताना न काढता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिरडीला श्वासच मिळाला नाही. मी ऐकून घेतलं. मी ऐकून घेतलं, हे तू कुठेतरी लिहून ठेव.

तुझी जाड पट्टी म्हणजे त्या पोकळीचं पापुद्र्याइतकं अस्तर अलगद उचलायचं, खाली हाडाचा चुरा भरायचा आणि सहा-आठ महिने थांबायचं. अस्तर फाटलं तर थांबणं आणखी लांबतं. तिरका स्क्रू आहेच. आणि तुझी चौकट म्हणजे गालाचं हाड. बोटाएवढे लांब स्क्रू थेट तिथे रोवतात, पूर्ण भूल देऊन. सगळ्यात साधा उपाय, पुढे हाड आहे तिथे चार इम्प्लांट आणि त्यावर काढता-घालता येणारी कवळी.

ती मला नको. काढायची वस्तू आता पुरे. दात गेल्यापासून न्हाणीघराची कडी लावल्याशिवाय मी कवळी काढलेली नाही. तुझ्या भावोजींनीही मला कधी तसं पाहिलं नाही, शेवटच्या आजारपणातसुद्धा. आता पक्के दात हवेत, तोंडातच राहणारे. कोणत्या स्क्रूवर, एवढंच ठरायचं आहे.

उलट टपाली मत कळव. आशीर्वाद तोवर आगाऊ समज.
तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्याला घाबरू नकोस, तो तुझा वरचा जबडा आहे. आत पोकळ, खाली पातळ प्लाय, पुढे जाड लाकूड, बाजूला सागाची चौकट. तू स्कॅनवरून पाठवलेली मापं चौपट करून घेतली.

सरळ स्क्रू मागे घातले, ते पाण्याच्या अर्ध्या बादलीला निघून आले. तिरक्यांनी एक बादली पेलली. चौकटीपर्यंत गेलेल्या लांब स्क्रूंनी दोन बादल्या पेलल्या, वर मी हाताने लोंबकळलो, तरी हलले नाहीत. ही म्हणाली, वन्संना तोंडाने बादल्या उचलायच्या आहेत का. पण ताई, माझं मत गालाच्या हाडाला. काम एकदाच करावं आणि पक्कं करावं. खोका डॉक्टरीणबाईंना दाखव. हसल्या तर परत घेऊन ये.

पक्क्या दातांचं तुझं म्हणणं मला पटतं. भावोजींचं वाचून दोन दिवस लिहायला बसलो नाही.

लोभ सध्या आहे तसा पुरे, वाढवलास तर पेलणार नाही.
तुझा ठोकळ्या

२९ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हसल्या नाहीत. खोका टेबलावर ठेवून खिडकीकडे वळवला, आत बॅटरी मारून पाहिली, मदतनीस मुलीला बोलावून दाखवला. म्हणाल्या, कॉलेजात असं काही मिळालं असतं तर एक परीक्षा वाचली असती. फक्त एक चूक आहे. लाकूड मेलेलं असतं. लाकडातला स्क्रू पहिल्या दिवशी सगळ्यात घट्ट, मग तो हळूहळू सैल होत जातो. हाडाचं वेगळं. पहिल्या दिवशी तो नुसता बसवलेला असतो; मग हाड त्याच्याभोवती वाढतं, त्याला चिकटतं, आणि चार-सहा महिन्यांनी तो हाडाचाच होतो. म्हणून गिरमिट हळू फिरवायचं आणि वरून पाणी सोडायचं. हाड तापलं तर मरतं, आणि मेलेलं हाड काही धरत नाही. थोडक्यात, तुझ्या बादल्या बाद.

मग म्हणाल्या, जपून केलं तर यातला कुठलाही उपाय तुम्हाला चालेल, तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. तुम्हाला दात कशासाठी हवेत? तीन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. तूही नाही. मी सांगितलं, वाचायला. त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या की पुढच्या वेळी पुस्तक घेऊन या, आणि आवाज ओळखणारं कोणी असेल तर त्यांनाही.

मी रेकॉर्डिंगवाल्याला नेलं. बाईंनी मेणावर दात लावून दोन नमुने करून ठेवले होते. एक पक्क्या दातांचा. माझं हाड वर आणि मागे सरकलंय, त्यामुळे दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट राहते. सफाईसाठी ती ठेवावीच लागते. दुसरा काढता येणाऱ्या कवळीचा, घोड्याच्या नालासारखा, टाळू मोकळी, पुढे गुलाबी हिरडी, ओठाला आधार. दोन्ही आळीपाळीने पेस्टने तात्पुरते बसवले. रेकॉर्डिंगवाल्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, कोणता कधी ते त्याला सांगितलं नाही. खटकलं की बोट वर करायचं, एवढीच सूचना. एकशे त्रेचाळिसावं पान दोनदा वाचलं.

पहिल्या खेपेला, पक्क्या दातांना, त्याचं बोट अकरा वेळा वर गेलं. ‘स’मध्ये शिट्टी, ‘फ’मध्ये फुसकं वारं. दुसऱ्या खेपेला एकदाच, तेही मी पान उलटलं म्हणून.

डॉक्टरीणबाई न्यायाने वागल्या. म्हणाल्या, हा नुसता अंदाज आहे, पक्क्या दातांची जिभेला पुष्कळदा सवय होते. पण कॉन्व्हेंट शाळेत वाचन घेणाऱ्या सिस्टर सभागृहाच्या टोकाला पाठ करून उभ्या राहायच्या आणि शेवटचं अक्षर पोचलं नाही तर गुण कापायच्या. ‘पुष्कळदा’वर मी आयुष्यात एकही अक्षर सोडलेलं नाही.

तेव्हा ठरलं. पुढे चार इम्प्लांट आणि काढायची कवळी. जे नको म्हणून मी तुला पानभर लिहिलं, तेच. घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली आणि बराच वेळ आरशासमोर उभी राहिले. यावर विनोद करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, मागे पोकळी आहे.
तुझी ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विनोद करत नाही.

पन्नास वर्षं लाकूड कापतोय. आपण धरलं की ते उलटून आपल्याला धरतं, असं लाकूड मला कधी मिळालं नाही. काल कारखान्यात एक जुना सांधा उघडला आणि हेच मनात घोळत राहिलं. तुझ्या तोंडात ते होणार आहे, याचा मला हेवा वाटतो.

तू घेतलेला निर्णय मी घेतला नसता, कारण मी बादल्या मोजल्या. वाचायचं तुला आहे. ऑपरेशनच्या दिवशी ही तुझ्याकडे राहायला येते आहे. नाही म्हणू नकोस, तिने पिशवी भरली आहे.

आमची आठवण कडी लावून ठेवू नकोस, एवढीच विनंती.
तुझा ठोकळ्या

१९ मे

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

चारही बसले. दुखलं नाही असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. पण कुतूहल इतकं होतं की मी मध्येच हात वर करून विचारलं, हाड मऊ लागतंय की कडक. म्हणाल्या, पुढचं बऱ्यापैकी, आणि कृपया तोंड उघडं ठेवा.

आता हिरडी शिवलेली आहे आणि पाच महिने हाडाचं काम चालू. मी कवळीविना दहा दिवस, मग आतून मऊ थर दिलेली जुनी. तुझ्या बायकोने चार दिवस पेजेसारखं पातळ रांधलं आणि माझ्याकडे न बघता वाढलं. तिचं मोठेपण मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सूज उतरेल, आशीर्वाद राहतील.
तुझी ताई

३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ग्रंथालयाने पाठवलेलं रेकॉर्डिंग काल ऐकलं. नायिका जिन्यातून उतरली एकदाची. तुझा ‘स’ पटाशीने तासल्यासारखा. शेवटपर्यंत ऐकायचं म्हणून मी सगळी यंत्रं बंद केली, तर कारखाना गप्प कसा म्हणून ही धावत आली. मग तीही बसली, भुशावरच.

एक विचारायचं आहे. महिनाभर टाळलं. तू लिहिलंस, कवळी त्या चार खुंटांवर टिचबटणासारखी बसते, दाबली की खट्, आणि अंगठ्याने उचलली की सुटते. खुंट बाहेर किती येतात? बटणाच्या आत काय असतं? चित्र काढून पाहिलं, जमत नाही. रागावणार असशील तर विचारलंच नाही असं समज.

मन मोठं कर, कारण प्रश्न लहान नाही.
तुझा ठोकळ्या

१० डिसेंबर

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले. पत्र टेबलावर आपटलं, चहा केला, पुन्हा वाचलं. बायकांना असलं विचारू नये हे तुला या वयात कोणी सांगायचं?

पुढचं पुस्तक सुरू झालंय, सहाशे पानांचं. रेकॉर्डिंगवाला हल्ली वर्तमानपत्र आणतो, कारण त्याला कापायला काही उरलं नाही. एका श्रोत्याने कळवलं की पान एकशे त्रेचाळीसनंतर वाचणाऱ्या बाई जास्त रागीट वाटतात, पण चांगल्या वाटतात. मी ते मान्य केलं.

खुंट अडीच मिलिमीटर बाहेर येतात. बटणाच्या आत नायलॉनची चकती असते, झिजली की बदलतात. पण हे वाचून तुला समजणार नाही, तुझं डोकं हाताशिवाय चालत नाही.

रविवारी सकाळी या, दोघंही. स्वयंपाकघराच्या टेबलावर खिडकीचा उजेड चांगला येतो. कवळी तिथेच काढीन आणि तुझ्या हातात देईन. वरचे चार खुंटही बघ, मी तोंड उघडून बसेन. चष्मा आण, साबणाने हात धू, आणि बघून होईपर्यंत एक शब्द बोलू नकोस. मीही बोलणार नाही, त्या वेळी मला ‘स’ म्हणता येत नाही.

वाट बघते.
तुझी ताई