मुलुंडात साबणबंदी, अर्थात शंतनूचं बोरन्हाण

मुलुंड (पूर्व),
२२ डिसेंबर १९८६

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या मार्तंडाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली सगळी अंगं एकदम जमिनीला टेकत नाहीत, राहिलेली टेकली असं समजून घे.) तुझा दमा, तुझी दाढ आणि तुझी ती वरच्या मजल्यावरची शेजारीण, तिघंही आटोक्यात असतील अशी आशा करतो. नाशिकला थंडी कडाक्याची पडली असेल. आमच्या मुलुंडची थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा की नुसता बारीक करायचा यावर घरात भांडण होतं, इतपतच. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

तुझं कार्ड परवा पोचलं. शंतनूच्या बोरन्हाणासाठी तू काळ्या लोकरीचं झबलं विणायला घेतलंस, पाठ बगलेपर्यंत आली आणि हलव्याचे दागिने त्यावरच टाचून आणणार, हे मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरात अशी शांतता पसरली की मला वाटलं वीज गेली. विमलाने डोळ्यांनी मला गप्प बसायची खूण केली, पण तोवर कार्ड वाचून संपलं होतं. आपली सूनबाई उत्तरा उठली. तिने शंतनूला कडेवर घेतलं आणि खाली वाण्याच्या दुकानात जाऊन चेंबूरला फोन लावला. चेंबूर म्हणजे तिचं माहेर, हे तुला सांगायला नको. वर येऊन म्हणाली, बोरन्हाण आईकडे करते, तिथे बाळाला काही टोचणार नाही. अक्का, मी उडालोच! आपल्या घरातल्या पहिल्या नातवाचं बोरन्हाण, आणि आपण व्याह्यांकडे पाहुण्यासारखे जाऊन बोरं वेचायची? तेव्हा ते मुलुंडला होतं की चेंबूरला, हे आता या पत्रावर ठरायचं आहे. कसं, ते कळायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. चष्मा लाव आणि दाराला कडी घालून वाच.

नवरात्र संपलं आणि शंतनूच्या गालांवर लाल चट्टे उठले. मग कोपरांच्या घडीत, मग गुडघ्यांच्या मागे. कातडी खरखरीत, आणि खाज अशी की पोर झोपेतसुद्धा गाल घासायचं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. मी नोकरीभर उपनगरातली गटारं आणि मोऱ्या तपासल्या, त्यात काय काय पाहिलं ते जेवायच्या वेळी सांगण्यासारखं नाही, पण डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं. ते अभ्रे बघून आलं.

आता माझ्यासारखा निवृत्त स्वच्छता निरीक्षक घरात असताना दुसरं कुणी पुढे येणार? मी सूत्रं हातात घेतली. बाळाचं पाणी खळखळून उकळायचं, त्यात फरशीला वापरतो त्या जंतुनाशकाचं झाकणभर घालायचं, कपडे सोडा टाकून रटारटा उकळायचे आणि वर झबल्यांना कांजी. (हो, झबल्यांना. सदरे कसे कडक दिसतात, तशीच ती दिसायला हवीत असं मला वाटलं.) घराला असा वास सुटला की दूधवाल्याने दारातच विचारलं, आजारी कोण आहे? तिकडे न्हाऊ घालायला येणारी शेवंती माझ्याहून वरचढ. वाफ येईल इतकं गरम पाणी, डाळीच्या पिठाने रगडून अंग लाल करायचं आणि वर ओव्याची धुरी. पोर किंचाळायला लागलं की म्हणायची, रडू दे, मोकळं होतंय. आणि विमलाचं म्हणणं असं की हे सगळं आईच्या दुधातून येतं, म्हणून उत्तराचं वांगं बंद, शेंगदाणे बंद, डाळ बंद, आंबट बंद. बिचारी भात आणि दुधी खाऊन बँकेत जायची आणि आल्यावर कुणाशी बोलायची नाही. चट्टे वाढले की आम्ही तिघंही आपापला जोर वाढवायचो. आपलं काही चुकतंय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, उलट दुसऱ्याचं चुकतंय याची प्रत्येकाला खात्री होती.

शेवटी एक दिवस उत्तराने रजा टाकली आणि घरात कुणाला न विचारता शंतनूला घेऊन घाटकोपरच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली. विचारलं नाही म्हणून मी आणि विमला रागावलो, आणि रागावून त्याच रिक्षात बसलो. डॉक्टरीणबाई उत्तराच्याच वयाच्या, केस कापलेले, गळ्यात काही नाही. (विमलाने मला कोपराने ढोसलं, तेव्हाच मी समजलो की हिने त्यांना नापास केलं.) त्यांनी विचारलं, बाळाला आंघोळ कशी घालता? मी पुढे सरसावलो आणि पाणी, जंतुनाशक, सोडा, कांजी असं सगळं न अडखळता सांगितलं. शेवंतीचं पीठ आणि धुरीही सांगितली, उगाच कुणाचं श्रेय घेऊ नये म्हणून. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आजोबा, हे बाळ आहे, गटार नाही.

अक्का, देवाशपथ सांगतो, त्यांना माझा हुद्दा कुणीही सांगितला नव्हता!

मी तर गारच पडलो, पण पुढचा धक्का त्याहून मोठा होता. त्या म्हणाल्या, हा इसब आहे. हा घाणीने होत नाही, कुणाचा कुणाला लागत नाही, नजरेचा आणि उष्णतेचा तर काही संबंधच नाही. काही मुलांची कातडी जन्मतःच कोरडी आणि नाजूक असते, आणि ते बहुतेक घराण्यातून येतं. मग विचारलं, कुटुंबात दमा कुणाला आहे? मी प्रामाणिकपणे तुझं नाव सांगितलं. म्हणाल्या, मग बहुधा तुमच्याच बाजूने आलंय. अक्का, महिनाभर आम्ही चेंबूरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतो! व्याह्यांच्या काकांना खरूज होती इथपर्यंत विमलाने शोध लावला होता. त्या क्षणी उत्तराने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. बघितलं विमलाने, आणि ती अजून बघते आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आमच्या तिघांच्याही आयुष्याची वाट लागली. आंघोळ कोमट पाण्याची, कोपर बुडवून बघायचं आणि चटकन उरकायची. साबण नाही. अगदीच लागला तर मळलेल्या जागी सौम्यसा, जरासा. जंतुनाशक नाही, पीठ नाही, रगडणं नाही, धुरी नाही, वासाची पावडर नाही. अंग पुसायचं म्हणजे टॉवेल नुसता टेकवायचा, आणि कातडी ओलसर आहे तोवरच खोबरेल तेल लावायचं. नखं कापलेली. कपडे सुती, जुने, मऊ, आणि साबणाचा अंश राहू नये म्हणून साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळलेले. गुंडाळून ठेवायचं नाही, घामाने खाज वाढते. आईने सगळं जेवायचं. थोडे दिवस लावायला एक मलम दिलं, आणि म्हणाल्या, हे एकदा गेलं की गेलं असं नसतं, येतं-जातं, वय वाढेल तसं बऱ्याच मुलांचं कमी होतं, तोवर ही रोजची सवय सोडायची नाही. मी म्हटलं, म्हणजे उपचार काय? तर म्हणाल्या, तुम्ही जे जे करता ते थांबवणं.

घरी आल्यावर आमच्याकडे साबणबंदी जारी झाली. शेवंती कोमट पाण्यात बोट घालून म्हणाली, ह्या पाण्यात मी भांडीसुदिक धुनार नाय, आणि तडक निघून गेली. (आठवड्याने परत आली. आता फक्त तेल लावते, आणि ते आपलंच डोकं होतं असं चाळभर सांगते.) शेवंतीच्या धुरीच्या मडक्यात विमलाने तुळस लावली आहे. उत्तराने त्या रात्रीच वांग्याची भाजी केली आणि आमच्यासमोर बसून खाल्ली. आणि तुझा भाऊ, ज्याला बघून हॉटेलवाले मोऱ्या घासायला घ्यायचे, तो रोज सकाळी मोरीत उकिडवा बसून झबली खळबळतो. पाणी पुरेसं स्वच्छ निघालं की नाही ते सूनबाई येऊन बघते. परवा तिने एक झबलं नाकाला लावलं आणि परत बादलीत टाकलं. नंदकिशोरला म्हटलं, अरे, तुझी बायको तुझ्या बापाला काय वागवते बघ, तर म्हणाला, बाबा, नीट खळबळा ना यार. बापाला यार!

पण अक्का, सगळ्यात मोठा धक्का हा की गुण आला. हळूहळू चट्टे फिके पडले, गाल मऊ झाले, पोर झोपायला लागलं. काल त्याने आपणहून माझ्या गालाला गाल लावला. मी दाढी केलेली नव्हती, तर उत्तरा धावत आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. मला राग आला नाही. खरंच आला नाही.

आता राहिलं बोरन्हाण. रविवार, अठरा जानेवारी ठरला आहे. सूनबाईचा हुकूम असा की शंतनूच्या अंगाला जुन्या मऊ सुताशिवाय काही लागता कामा नये. काळं नवं कापड नको, त्याला खळ असते आणि घामाने रंग सुटतो. म्हणून माझ्या जुन्या धोतराचं पांढरं झबलं शिवते म्हणाली. संक्रांतीला पांढरं! विमलाने कानांवर हात ठेवले. काळ्याशिवाय बोरन्हाण होणार नाही असं ही म्हणते, काळं नवं घालणार नाही असं ती म्हणते, आणि दोघी माझ्याकडे बघतात. त्यात तुझं कार्ड. तर अशी इकडची हकीकत आहे. मागणं वगैरे काही नाही, तुला सगळं ठाऊक असावं म्हणून लिहिलं. तब्येतीला जप, थंडीत पहाटे दळणाला जात जाऊ नकोस.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
मार्तंड

ता. क. विणकाम बगलेपर्यंत आलंय तिथेच थांबव, इथली थंडी केवढी ते वर लिहिलंच आहे. उसवलंस तर माझ्यापुरती एक कानटोपी होईल. माझ्या कातडीला काही होत नाही, हे तर आता सगळ्या घराला माहीत आहे.

पुन्हा ता. क. तू दिवाळीला पाठवलेला लाल स्वेटर घातला त्या संध्याकाळी शंतनूची मान स्वेटरहून लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तो बघून विचारलं, हा कुणी विणला? आम्ही तिघंही वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. तुझं नाव कुणी फोडलं नाही. स्वेटर सुखरूप आहे. विमलाने तो लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला घातला आहे, बाह्या दोन्हीकडे लोंबतात, आणि शंतनू त्या बरणीकडे बघून खदखदून हसतो.

आणखी एक. आता खरं लिहितो. तुझ्या ट्रंकेत तळाशी आईची चंद्रकळा आहे. तू ती कुणाला हात लावू देत नाहीस हे मला माहीत आहे. विमलाला एकदा दाखवलीस तीसुद्धा लांबून. काळी आहे, सुती आहे, धुऊन धुऊन सायीसारखी झाली आहे, आणि रंग जायचा तेवढा कधीच गेला. उत्तरा नाही म्हणू शकणार नाही, विमलाही नाही. तुझं कार्ड आलं त्या रात्री मला झोप येईना तेव्हा आठवलं. लहानपणी तुझीही कोपरं सदा खरवडलेली असायची, अक्का. मला, दादाला साबण लावून घासायची आई, तुला कधी लावायची नाही. तुला नुसतं तेल, आणि तिच्या जुन्या लुगड्याची कुंची. तू रडायचीस, मला का नाही साबण, मी नावडती म्हणून. आपल्याला दोघांनाही तसंच वाटायचं. तिला कुठली डॉक्टरीण भेटली होती? तिने नुसतं तुझ्याकडे बघून बघून ओळखलं असेल. तेव्हा ती चंद्रकळा घेऊन ये. कात्री तूच लाव, दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस. आणि तुला नाहीच धीर झाला, तर नुसती घेऊन ये, पोराला अख्खीच्या अख्खी गुंडाळू.

शेवटचं. हलव्याचे दागिने मात्र कर, बंद करू नकोस. शंतनूच्या अंगावर चालणार नाहीत, पण वाया घालवायचे नाहीत, तेव्हा बोरन्हाणाला ते मी घालून बसायचं असं सासू-सुनेने एकमताने ठरवलं आहे. (दोघींचं एकमत झालेलं हे पहिलंच.) माझ्या मनगटाचं, गळ्याचं आणि डोक्याचं माप दोऱ्याने घेऊन सोबत पाकिटात घातलं आहे. मुकुट जरा सैल कर.