हात वर होईपर्यंत

६ ऑक्टोबर, रविवार

मास्तर आयसीयूत आहेत. नाटकाच्या तालमीत पडले. पॅरॅलिसिस. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलंत, बरं केलंत." मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी, माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही होतात म्हणून!"

बाकीचं उद्या लिहीन.

७ ऑक्टोबर, सोमवार

कामात आज लक्ष नव्हतं. दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून बसून ही नोकरी झोपेतसुद्धा जमेल असं मला वाटायचं. आज दाढ काढायला आलेल्याला कवळीवाल्यांच्या रांगेत बसवलं. तो बिचारा गाल धरून तासभर बसला, तक्रारसुद्धा केली नाही. मी काय, सगळ्यांना गप्पच बसवते.

लिहिते आता. नाहीतर ही वही कशाला ठेवलीय?

आमच्या नाटकाच्या ग्रुपचा नियम एकच. कुणी अडलं तर मध्ये बोलायचं नाही. ज्याला शब्द हवा असेल तो उजवा हात वर करतो, मग मी हळूच शब्द देते. हात वर होईपर्यंत शांतता. ती शांतता ज्याची त्याची! नऊ वर्षांपूर्वी हा नियम मीच घातला, आणि घातला तो मास्तरांसाठी. त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. कात्री एकदा चालली की थांबत नाही, पण बोलताना अडखळतात. जन्मभर लोकांनी त्यांची वाक्यं पुरी करून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं घेऊन सांगितलं होतं, "माझ्या लग्नाला होकारसुद्धा मामानंच दिला." आम्ही हसलो, पण वाक्य संपल्यावर. त्या दिवसापासून ते आमचे झाले.

त्यांची सगळ्यांत लांब शांतता सहा मिनिटांची. तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही. केवढा अभिमान होता मला त्या सहा मिनिटांचा! येईल त्याला सांगायचे. इथे व्हीलचेअरवाले आहेत, न दिसणारे आहेत, धडधाकट आहेत, अठरापासून सत्तरपर्यंत सगळे आहेत, आणि इथे प्रत्येकाचं ऐकलं जातं. प्रत्येकाचं!

काल पहिलाच प्रवेश चालला होता. हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस. मास्तर काउंटरवरचे कारकून, मॅडम छत्री शोधत येते. मॅडम म्हणजे आमची सव्वीस वर्षांची हिरॉईन. डाऊन सिंड्रोम आहे तिला. हॉलच्या खालीच वाचनालय आहे, तिथे पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारते, आणि 'मॅडम' म्हटल्याशिवाय ओ देत नाही. मास्तरांनी तिला विचारायचं, "काय हरवलंय?"

मास्तर थांबले. आम्ही थांबलो. चौदा माणसं, वर पंखा, समोर भिंतीवरचं घड्याळ. चार चोवीस.

मॅडम माझ्याकडे वळून कुजबुजली, "बाई, मास्तर वाकडे झाले."

मी म्हणाले, "शूऽ! नियम काय आहे?"

थोड्या वेळानं परत, "बाई, वाकडे झाले ना."

मी डोळे वटारले. ओठांवर बोट ठेवून दाखवलं. तिनंही ठेवलं. नियमाला भारी पक्की आहे ती. बोट ओठांवर, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मला वाटलं, काय सुंदर काम करतेय पोरगी!

चार बत्तीसला मास्तर काउंटरवरून घसरले.

आठ मिनिटं! दोनदा सांगितलं तिनं. दोनदा. आणि हात वर व्हायची वाट बघत होते मी. उजवाच हात गेला होता त्यांचा, तो वर होणार कसा?

९ ऑक्टोबर, बुधवार

भेटायची वेळ चार ते सहा. मास्तर डोळे उघडतात, ओळखतात, तोंड उघडतात. आवाज येतो, शब्द येत नाही. आधी निदान शब्द यायचा तरी, उशिरा का होईना.

डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. विचारलं, "समजा सात-आठ मिनिटं उशीर झाला असता, तर?"

"सांगता येत नाही. काहीच फरक पडला नसता, किंवा पुष्कळ पडला असता. का?"

"सहज."

सहज! जीभ कशी झडली नाही माझी.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमच्या आईचा फोन आला. रविवारपासून मॅडम बोलत नाहीये. खाते, कामाला जाते, शिक्के मारते, पण तोंडातून शब्द नाही. "बोट सारखं ओठांवर ठेवते हो. मी काढलं तर परत ठेवते. तालमीत काही झालं का, बाई?"

मी म्हणाले, "मास्तर तिच्या समोरच पडले ना. धक्का बसला असेल."

"तसंच असेल," म्हणाली ती. "तुमच्यावर फार जीव आहे तिचा. तुम्ही काही म्हणालात की अक्षर खाली पडू देत नाही."

फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून रडले. ह्यांना वाटलं, कपडे धुतेय.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज जमलो. मास्तर नाहीत, मॅडम नाही. काउंटरचं टेबल तसंच मध्ये, कुणी सरकवलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात व्हीलचेअरवाल्या ताईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली — "बाईंच्या प्रसंगावधानासाठी!" सगळ्यांनी वाजवल्या. मी उभी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. अर्थात घेतलं नाही. उभी राहून नमस्कार केला मी!

सगळे गेल्यावर ऑपरेटर मागे थांबला. एका कंपनीत फोन घेतो तो. त्याला दिसत नाही, पण जिन्यावरून कोण येतंय ते चपलांवरून सांगतो. काठी उघडत म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी काही ऐकलं नाही बरं का."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी त्याला "थँक्यू" म्हणाले. थँक्यू!!

१६ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी रजा टाकून वाचनालयात गेले. मॅडम काउंटरमागे, शाईचं पॅड, शिक्का, एका बाजूला पुस्तकांची चळत. बोट ओठांवर नव्हतं, शिक्का मारायला दोन्ही हात लागतात तिला. पण मला पाहिलं आणि शिक्का खाली ठेवून लगेच बोट ओठांवर. माझ्यासाठी! मी दिसले की गप्प बसायचं, हे शिकवलं मी तिला. नऊ वर्षं खपून.

मी हळूच म्हणाले, "मॅडम, बोल ना. माझी काही हरकत नाही."

हरकत नाही! जसं काही तिचं बोलणं माझ्या मालकीचं आहे. शब्द तोंडातून निघाल्यावर मलाच शिसारी आली. चूक माझी होती, एवढंच म्हणायला आले होते. तीन शब्द. मागे एक आजोबा रांगेत उभे होते, ते खाकरले. मी घाबरून समोरचं पुस्तक पुढे केलं. तिनं तारीख मारली, नीट, सरळ रेषेत, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

कुक्कुटपालनावरचं आहे. आमच्याकडे साधी खिडकीत येणारी चिमणीसुद्धा नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कोंबडी आजारी पडली की आधी गप्प होते, असं पान बारावर दिलंय. पुस्तक मिटून ठेवलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मास्तरांना घरी आणलंय. आज ठरवून गेले होते. वहिनींना सगळं सांगायचं, पुढे काय व्हायचं ते होऊ दे. जिना चढताना वाक्यसुद्धा पाठ केलं. मी! लोकांना वाक्य द्यायचं काम करणारी!

वहिनींनी दार उघडलं आणि आधी आतल्या खोलीत नेलं. मशीनशेजारच्या पुतळ्यावर मॅडमचा प्रवेशाचा झगा, अर्धा शिवलेला, एका बाहीला टाचण्या तशाच. "याला हात लावू देत नाहीत," म्हणाल्या. "सुनेनं उचलून ठेवायला घेतला तर डोळ्यांत पाणी. बाई, बटणं कुठली लावायची होती हो?" मग आम्ही बटणांवर बोललो. अर्धा तास. मोठी की लहान, पांढरी की निळी. वाक्य गेलं कुठल्या कुठे.

मास्तर खुर्चीत. बोलायला तोंड उघडलं की घर धावतं. "पाणी?" "पंखा कमी करू?" "उशी देऊ का, बाबा?" सून, मुलगा, शेजारीण, सगळी मायेनं. ते डोळे मिटून घेतात. माझ्याकडे बघून एकदा फार जोर लावला. "म..." असं काहीतरी. मान लाल झाली.

आणि मी काय म्हणाले? "मशीन? मशीन हवंय का?"

मीसुद्धा. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते पाहून मी चहा न घेता उठले.

२७ ऑक्टोबर, रविवार

हे म्हणाले, "दमलीयस तू. बंद कर आता. नऊ वर्षं काय कमी झाली?" कुणीतरी हे म्हणावं याचीच वाट बघत होते बहुतेक. बंद करणार. कारण सांगायचं, मास्तरांशिवाय नाटक होणे नाही. सगळे मान डोलावतील. डोळे पुसतील. एक गुलदस्ताही देतील. आणि मग कुणी काही विचारणार नाही, कधीच.

खरं कारण वहीत लिहायला काय जातं? वही कुठे कुणाला सांगायला जातेय! भित्री आहे मी. आणि भित्रीच नाही, लबाडही. आठ मिनिटांची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण हे तीन आठवडे? हे एकेक दिवस मी डोळे उघडे ठेवून केलेत. मास्तर पडले ते मी पाडले नाहीत. मॅडमचा आवाज मात्र मीच घेतला, आणि परत देता येत असताना देत नाहीये.

३ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांना कळवलं. पुढच्या रविवारी शेवटचं भेटायचं. वहिनी म्हणाल्या, "यांनाही आणतो. यायचंच म्हणतायत, मानेनं." मॅडमच्या आईलाही फोन केला. "येऊ आम्ही. बोलत नाही अजून. चार आठवडे झाले, बाई. डॉक्टर म्हणतात घशात काही नाही." तिला रडू फुटलं.

मी म्हणाले, "हं."

एवढंच म्हणाले. हं. दुसऱ्याची शांतता पाळणारी बाई मी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भाषण लिहिलं. 'काही अपरिहार्य कारणांमुळे.' खोडलं. परत तेच लिहिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

मास्तरांना दोघांनी खुर्चीसकट वर आणलं. मॅडम त्यांच्या शेजारी बसली, बोट ओठांवर. मी कागद उघडला. "काही अपरिहार्य..." एवढं झालं आणि मास्तरांनी हात वर केला. डावा.

लगेच सुरू — "पाणी?" "दमलात का?" "घरी जायचं का?" त्यात मीही होते.

मॅडमनं ओठांवरचं बोट काढलं. "शूऽ! नियम काय आहे?"

हॉल गप्प. मी घड्याळाकडे पाठ फिरवली. किती वेळ गेला ठाऊक नाही. मास्तर म्हणाले, "मॅडम." मग कितीतरी वेळानं, "बोलली." आणि मग, "होती."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलली होती?"

"मास्तर वाकडे झाले, असं सांगितलं होतं तिनं मला," मी म्हणाले. "पडायच्या आधी. दोनदा. मी तिला गप्प बसवलं."

ऑपरेटरनं मान खाली घातली.

मॅडम म्हणाली, "तीनदा."